आत्याबाईंनी सील केलेलं घर

आत्याबाईंना आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळे जेलर म्हणत. नाव मी पाडलं, रागाच्या भरात पाडलं, आणि ते इतकं चपखल बसलं की दूधवालासुद्धा फाटकाबाहेरून ‘जेलर दीदी, दूध!’ अशी हाक मारायला लागला. मला वाटलं, आता या बाई दूधवाल्याची आणि माझी एकदमच हजेरी घेतील. पण त्यांनी नुसती मान हलवली. ‘जेलर तं जेलर,’ त्या म्हणाल्या, ‘जेलातले कैदी टायमावर जेवते तरी. तुहं जेवण झालं काय?’

त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. सासू-सासरे मी या घरात यायच्या आधीच गेलेले, त्यामुळे सासूपण काय ते सगळं आत्याबाईंकडे. त्यांचे यजमान रेल्वेत होते, तरुणपणीच गेले, आणि त्यांच्या जागेवर आत्याबाईंना मालधक्क्यावर कारकुनी मिळाली. सगळी नोकरी हमालांच्या, मुकादमांच्या आणि व्यापाऱ्यांच्या आरडाओरड्यात गेली. तिथे मालाचा डबा भरला की दाराला तार ओवून शिशाचं सील ठोकतात, आणि मग तो डबा मुक्कामाला पोचेपर्यंत कुणी उघडायचा नसतो. आत्याबाईंच्या बोलण्यात हे सील सतत यायचं. लोणच्याच्या बरणीला कापड बांधलं तरी म्हणायच्या, ‘सील केलं आहे, हात लावू नका. सील तुटलं का जबाबदारी आपली.’

मी अकोल्याची. इकडे हिंदी मुलखात, शहरातल्या गुढियारी भागात, रेल्वे लाइनला लागून असलेल्या त्या घरात आले तेव्हा नवीन राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. हे सरकारी नोकरीत. आमचं शहर राजधानी झाल्यापासून त्यांना ऑफिसातून यायची वेळ राहिली नव्हती. म्हणजे दिवसभर घरात मी आणि आत्याबाई. आमचं पटायचं नाही, हे सांगायला नकोच. मी भाजीत गूळ घातला की त्या म्हणायच्या, ‘ही भाजी आहे का पक्वान्न?’ आणि त्यांनी तिखट घातलं की मी पाण्याचा तांब्या शेजारी घेऊन बसायची. पण एक गोष्ट होती. त्या तोंडावर बोलायच्या. मागे कधी नाही. मला ते आवडायचं, आणि आवडतं हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

आत्याबाईंचे डोळे घारे होते. आमच्या सासरच्या घराण्यात हे फार मोठं प्रकरण. यांचे पूर्वज भोसल्यांच्या काळात इकडे आले. जमीनजुमला कधीच संपला, भाषासुद्धा अर्धी हिंदी होऊन गेली, पण घारे डोळे तेवढे ‘आपल्याकडचे’ म्हणून राहिले होते. तेही आटत आलेले. यांच्या पिढीत कुणाचेच घारे नाहीत. म्हणून चिनू झाली तेव्हा आत्याबाईंनी आधी तिचे डोळे पाहिले आणि जरा हिरमुसल्याच. ‘काळे आहे. चालते,’ असं म्हणून त्यांनी तिला माझ्याकडे परत दिलं.

आणि मग ती दिवाळी. चिनू तेव्हा धडपडत चालायला लागली होती. ओट्यावर पणत्या लावल्या होत्या आणि ती पणतीकडे वाकून बघत होती. आत्याबाई एकदम ओरडल्या, ‘सूनबाई, इकडे ये! पाह्य, पाह्य!’ चिनूचा डावा डोळा चमकत होता. मांजरीचा चमकावा तसा, आतून, पांढरट पिवळा. आत्याबाईंनी तिला उचलून छातीशी धरलं. त्यांना किती आनंद झाला होता म्हणून सांगू! ‘माह्यावर गेली पोट्टी! घारा डोळा आला!’ मी विचारलं, ‘एकच कसा हो?’ त्यावर त्यांनी मलाच वेड्यात काढलं. ‘दुसरा येईल मागाहून. लहान लेकरांचे डोळे पालटते, तुले नाही मालूम.’

पुढे कितीतरी दिवस तो कौतुकाचा विषय होता. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना त्या चिनूला दिव्याजवळ नेऊन दाखवायच्या. बायका ‘अय्या’ म्हणायच्या. कुणी दृष्ट काढा म्हणून सांगायचं. त्या घोळक्यात शिकल्यासवरलेल्या बायका होत्या, दोन लेकरांच्या आया होत्या, पण एकीच्याही मनात शंका आली नाही, माझ्याही नाही. घरातली सगळ्यात जाणती बाई आनंदाने सांगतेय म्हटल्यावर कुणाच्या मनात येणार? उन्हाळ्यापर्यंत तो डोळा जरा तिरपा वाटायला लागला. मग लाल झाला. हिंदीत इकडे ‘आँख आना’ म्हणतात तसं काही असेल म्हणून दुकानातून थेंब आणून घातले. मग एका सकाळी उठली तो डोळा पुढे आलेला. पापणी मिटेना. चिनू भिंतीला डोकं घासत रडत होती. तिला तशीच उचलून आम्ही दवाखाना गाठला.

सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, डोक्याचा फोटो काढायला सांगितला आणि मग आम्हाला खोलीत बोलावलं. डोळ्याचा कॅन्सर आहे, म्हणाल्या. एवढ्याशा लेकराला? मला तो शब्द कळत होता, पण चिनूला लागू होत नव्हता. त्या विचारू लागल्या, ‘आँख में सफ़ेद चमक कब से दिख रही है?’ हे चाचरत म्हणाले, ‘यही कोई दो-तीन हफ़्ते से.’ खोटं बोलायचं म्हणून नाही बोलले. घाबरलेला माणूस बोलतो तसं बोलले. तेवढ्यात दाराशी बाकावर बसलेल्या आत्याबाई उठल्या.

‘इसको कुछ मालूम नहीं,’ त्या म्हणाल्या. ‘दिवाली से है. मैंने देखा. मैंने सबको बुला-बुला के दिखाया. मेरे जैसी आँख आई बोल के.’

यांनी मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं असावं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आपने बताया, अच्छा किया, माताजी. इलाज में काम आएगा.’ पण आत्याबाई हटेनात. ‘तब लाते तो?’ त्यांनी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी खरं तेच सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्यांना अजून मानते. ‘तब शायद बीमारी आँख के अंदर ही मिलती. आँख तब भी जा सकती थी. लेकिन अब बाहर निकल आई है, इसलिए इलाज लंबा है और कड़ा है.’

आत्याबाईंना पुढचं सगळं नीट समजून घ्यायचं होतं. बाहेर निघाली म्हणजे कुठे? जाते कुठून? डॉक्टरीणबाईंनी कागदावर डोळा काढून दाखवला. डोळ्याच्या मागून एक नस थेट मेंदूकडे जाते. गाठ त्या नसेत शिरलीय आणि खोबणीतही पसरलीय. मेंदूपर्यंत आणि हाडांत पोचली आहे का ते पाहायला पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं, हाडातला मगज तपासायचा. तिथे काही नसलं तर आशा आहे. आधी कडक औषधाची इंजेक्शनं देऊन गाठ आटवायची, मग डोळा नसेसकट काढायचा, मग सिकाई, म्हणजे मशीनचे किरण द्यायचे, आणि मग पुन्हा इंजेक्शनं. ‘मधे एकही सोडायचं नाही,’ त्यांनी आम्हाला बजावलं. ‘बरीच माणसं अर्ध्यातून लेकरू घरी नेतात. आणि मग आणतात तेव्हा माझ्या हातात काही नसतं.’

तपासणीत पाणी आणि मगज दोन्ही साफ निघालं. त्या दिवशी ऑटोतून घरी येताना मी रडत होते, आनंदाने की भीतीने ते माझं मलाच माहीत नाही. आत्याबाईंनी माझी माफी वगैरे मागितली नाही. त्यांच्या स्वभावात ते नव्हतं. मीही त्यांना बोल लावला नाही; पण माया दाखवावी असंही मला वाटत नव्हतं. काय वाटत होतं, खरं सांगू? त्या माझ्या समोर बसल्या की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यांनी ते ओळखलं होतं. ऑटोतून उतरताना एवढंच म्हणाल्या, ‘तू माह्याशी बोलू नको पायजे तं. पण पोट्टीचं सगळं मी पाहीन.’

पहिल्या इंजेक्शनांनंतर चिनूचे केस उशीवर गळायला लागले, आणि दुसऱ्या खेपेनंतर तिला असा ताप भरला की सरळ भरती करावं लागलं. औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार उतरल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर राहिला बाजूला, अशात साधी सर्दी लागली तरी लेकरू हातचं जाईल; गर्दीपासून, धुळीपासून जपा. त्यांनी ‘जपा’ म्हटलं. आत्याबाईंनी ते आपल्या भाषेत ऐकलं. आम्ही घरी परतलो त्या दिवशी त्यांनी फाटकाला आतून कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली आणि जाहीर केलं, ‘आता डबा सील आहे.’

आणि खरंच सील केला हो त्यांनी! लाइनीवर मालगाड्या उभ्या राहायच्या, सिमेंट आणि कोळशाची धूळ उडायची, म्हणून सगळ्या खिडक्यांना ओल्या चादरी. कामवालीला सुट्टी. यांनी ऑफिसातून आल्यावर मागच्या दाराने यायचं, अंगणातल्या न्हाणीघरात अंघोळ करायची, कपडे तिथेच भिजवायचे आणि मगच घरात पाय ठेवायचा. दूध फाटकाच्या गजांतून भांड्यात ओतून घ्यायचं आणि तीनदा उकळायचं. शेजारच्या साहू काकी सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आल्या तर त्यांना फाटकावरूनच वाटी परत. ‘देवाले सांगा, बरी झाल्यावर घेऊ.’ साहू काकींनी नंतर कित्येक महिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला मात्र बघायला फक्त एक खिडकी होती. बाजार बंद, देऊळ बंद, शेजार बंद. दवाखान्यात जायचं तेवढंच बाहेर पडायचं, तेही तोंडाला फडकं बांधून. बाहेर शहर नुसतं फुगत होतं. रोज नवीन दुकान, नवीन पाटी. मंत्र्यांच्या गाड्या भोंगे वाजवत जायच्या. यांच्या तोंडी रोज नव्या रस्त्याची नाहीतर नव्या ऑफिसची गोष्ट. मी चादरीचं टोक उचलून बघायची, की मागून आवाज यायचा, ‘सूनबाई, चादर!’ तो शब्द ऐकला की किंचाळावंसं वाटायचं. चिनू खिडकीचे गज धरून उभी राहायची आणि गल्लीतल्या पोरांना हाका मारायची. पोरं ‘आ ना, चिनू’ म्हणायची. ती माझ्याकडे वळून बघायची आणि मी आत्याबाईंकडे. आत्याबाई मान हलवायच्या. नाही. मग चिनूचं रडणं, आणि माझं कुढणं. किती वेळा वाटलं, ती किल्ली हिसकावून घ्यावी आणि लेकीला काखोटीला मारून अकोल्याची गाडी पकडावी.

एकदा अकोल्याहून माझे बाबा आले. न कळवता आले, नातीसाठी जीव तुटत होता म्हणून. उन्हात फाटकाशी उभे, हातात पिशवी, आणि बोलता बोलता शिंकले. झालं. आत्याबाईंनी किल्ली कनवटीतून काढलीच नाही. ‘भाऊ, माफ करा. सर्दी आहे तुमाले. खिडकीतून पाहून घ्या.’ माझा बाप, लेकीच्या दारात, रस्त्यावर उभा! मी तिथे काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. जेलर हे नाव त्याच दिवशीचं. ‘हे माझं घर आहे की तुरुंग? तुम्ही जेलर आहात काय?’ सगळा पारा ऐकत होता. त्यांनी ऐकून घेतलं, आत गेल्या, खुर्ची आणली, फाटकावरून पलीकडे बाबांना दिली, मग पाणी दिलं, मग ताट वाढून दिलं. बाबा रस्त्यावर खुर्चीत बसून जेवले आणि खिडकीतल्या नातीशी तिथूनच गमती करत राहिले. जाताना मला म्हणाले, ‘बाईशी भांडू नको पोरी. ती स्वतः कुठे बाहेर आहे?’

ते मात्र खरं होतं. आत्याबाईंची भजनमंडळी होती, मालधक्क्यावरच्या जुन्या मैत्रिणी होत्या. सगळं सुटलं. माझ्यापेक्षा त्याच जास्त कोंडल्या होत्या, कारण मला निदान भांडता येत होतं. त्या चिनूच्या खाटेशी जमिनीवर सतरंजी टाकून पडायच्या आणि ती उलटी करायला उठली की माझ्या आधी त्यांचा हात पुढे असायचा. चिनू त्यांचा हात झटकायची. औषध पाजणारा हात तो, तोंडात बोटं घालून फोडांना मलम लावणारा हात तो. लाड करायला मी होते, तिचा बाबा होता. नको ते सगळं करायला आत्याबाई. त्यांनीच वाटणी तशी केली होती.

आणि मग खरा पेच पडला. इंजेक्शनांनी गुण आला. डोळा आत गेला, सूज उतरली, पापणी मिटायला लागली. चिनू हसायला लागली. आता पाहणाऱ्याला काही कळतसुद्धा नव्हतं. ऑपरेशनसाठी भरती केली आणि त्याच संध्याकाळी हे वॉर्डात येऊन म्हणाले, ‘घरी नेऊ या. बरी झाली ती. कशाला डोळा काढायचा?’ कुणीतरी त्यांना अभनपूरकडच्या एका वैद्याचं नाव सांगितलं होतं, पाल्याच्या रसाने उरलंसुरलं जातं म्हणे. हे वाईट माणूस नाहीत. लेकीचा डोळा काढायला ‘हो’ म्हणणं त्यांच्याने होत नव्हतं, एवढंच. आणि माझ्याने तरी कुठे होत होतं? मी चिनूचे दोन्ही डोळे बघत बसले होते. मलाही वाटत होतं, न्यावं. उठावं, बॅग भरावी आणि या सगळ्यातून सुटावं. बॅगेत कपडे भरायला मी सुरुवातसुद्धा केली.

आत्याबाई खाटेवर चढून बसल्या. चिनूला मांडीत घेतलं आणि म्हणाल्या, ‘कोणी हात लावू नका.’

‘आत्या, ऐक ना,’ हे म्हणाले. ‘दिसून राहिलं ना, गाठ गेली.’

‘दिसून राहिलं?’ आत्याबाईंचा आवाज चढला. ‘दिसत तं मलेही होतं बाबू, दिवाळीले. किती छान दिसत होतं! दिसण्यावर जाऊन आपण इथपर्यंत आलो. आता मले काही दिसत नाही. डॉक्टरीण जे म्हणते ते मले दिसते.’

हे काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला. ‘मालधक्क्यावर अर्धा डबा खाली करून कोणी इंजिन जोडते काय? बीमारी आत बसली आहे. नेलं तं ती डोक्यात जाईल, मंग रडायला ये माह्यापाशी. पोट्टी मी देत नाही. मले चपराशी बोलावून हाकला पायजे तं.’ आणि मग एकदम त्यांचा सूर खाली आला. ‘चूक माही आहे, प्रकाश. निस्तरू दे मले पूर्ण. अर्ध्यातून नेशील तं मी जगू कशी?’

मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. भरल्या वॉर्डात, शेजारच्या खाटांवरची माणसं बघत असताना, त्या पदराने तोंड पुसत होत्या आणि दुसऱ्या हाताने चिनूला घट्ट धरून होत्या. चिनू ओरडत होती, ‘सोडा ना!’ मी बॅगेतले कपडे काढून पुन्हा खाटेखाली ठेवले. यांनी त्या कपड्यांकडे पाहिलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. सकाळी डोळा काढला.

सिकाई मात्र ऑपरेशनपेक्षा कठीण गेली. एवढं लेकरू मशीनखाली निजून राहणार कसं? म्हणून रोज भूल द्यायची, आणि भूल द्यायची म्हणजे रोज सकाळी उपाशी, पाण्याचा थेंबही नाही. चिनू ‘दूध’ म्हणून हंबरडा फोडायची. आत्याबाई तिला घेऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझारा घालायच्या, ती त्यांच्या तोंडावर मारायची, चष्मा ओढायची. मला म्हणायच्या, ‘तू दूर बस. तुले पाहून जास्त मागते. मले मारू दे.’ हे संपलं तेव्हा त्यांच्या हातावर चिनूच्या नखांचे ओरखडे होते. मी तेल लावायला गेले तर म्हणाल्या, ‘राहू दे वं, जाईल.’ पण हात काही मागे घेतला नाही. मी तेल लावलं. आमचं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं.

पुढे खोबण भरून आल्यावर कृत्रिम डोळा बसवायची वेळ आली. तिथला माणूस डबीतून निरनिराळ्या रंगाचे डोळे काढून उजव्या डोळ्याशी लावून बघत होता. एक जरा फिकट होता. ‘ये भी अच्छा लगेगा,’ तो आपला सहज म्हणाला. आत्याबाई इतक्या जोरात ‘नाही!’ म्हणाल्या की तो दचकला. ‘काला. दूसरे जैसा. एकदम काला.’ घरी आल्यावर त्यांनी चिनूला दिव्याजवळ नेलं नाही. खिडकीवरची चादर बाजूला केली आणि उजेडात तिच्याकडे बघत बसल्या.

राहिलेली इंजेक्शनं संपली, तपासण्या साफ येत गेल्या, आणि एक दिवस डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, ‘अब खेलने दो इसको.’ तरी फाटक उघडायला आत्याबाईंना किती दिवस लागले! आधी नुसतं कुलूप काढलं, कडी ठेवली. मग कडी काढली आणि स्वतःच तिथे स्टूल टाकून बसल्या. चिनू पोरांत गेली की त्या अस्वस्थ. कुणी खोकलं की ‘ए, घर जा!’ पोरं त्यांना टरकून असायची.

चिनू मोठी झाली. शाळेतली भाषा हिंदी, मैत्रिणी हिंदी. माझं मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत. डोळा आजारपणात गेला, सुया टोचायचे, हे तिला सांगून माहीत होतं. त्यातलं तिला स्वतःला आठवायचं ते फक्त एकच: खिडकीचे गज, बाहेर खेळणारी पोरं आणि आत्याबाईंची मान. नाही. तिला ते औषधपाण्यातलं वाटायचंच नाही, आत्याबाईंचा स्वभावच वाटायचा. कारण आत्याबाई पुढेही तशाच राहिल्या. पावसात नको, जत्रेत नको, पाणीपुरी तर नकोच नको.

शाळेची सहल निघाली तेव्हा तर कहर झाला. आत्याबाई एव्हाना थकल्या होत्या, बहुतेक वेळ खाटेवरच. कुठे जाणार, कोण कोण आहे, पाणी कुठलं पिणार, अशी त्यांनी सरबत्ती लावली. चिनू भडकली. ‘आप तो यही चाहती हो कि मैं बंद रहूँ! मुझे सब याद है. आप ताला लगाती थीं और मैं खिड़की में रोती थी. मुझे आप बिल्कुल अच्छी नहीं लगतीं!’ आणि पाय आपटत निघून गेली. दार असं आदळलं की फडताळातली भांडी वाजली.

मी उठलेच. म्हटलं, ‘आता पुरे झालं. आज मी तिला सगळं सांगते. तुम्ही त्या दिवशी खाटेवर चढून बसला नसता तर ही पोरगी दार आपटायला राहिली नसती, हे कळू दे तिला.’

‘बस खाली,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘हे सांगशील, मंग दिवाळीचं कोण सांगेल? तेही सांगशील?’

मी परत खाली बसले.

‘दोन्ही सांगायचं असंल तं सांग. एक सांगायचं नाही, सूनबाई. ते खोटं होईल.’ त्या दाराकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. चक्क समाधान होतं. ‘अन् करू दे ना राग. कसं दार आपटलं पाह्य! राग करायले पोट्टी घरात आहे. त्याच्यासाठीच तं केलं सगळं.’

चिनू सहलीला गेली, आणि पाणीपुरी खाऊन पोट बिघडवून आली.

आत्याबाई पुढच्या थंडीत गेल्या. झोपेतच. चिनू रडली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा देत होती, खुर्च्या मांडत होती, सगळं नीट करत होती. साहू काकींनी तिला जवळ घेऊन विचारलं, ‘दादी की याद आएगी ना, बेटा?’ ती जरा विचार करून म्हणाली, ‘डाँटती बहुत थीं.’ मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू आलं. सगळं तोंडाशी आलं होतं. पण मला फक्त वॉर्डातल्या त्या संध्याकाळचं सांगायचं होतं. दिवाळीचं माझ्या तोंडून निघत नव्हतं, आणि एकच सांगायला त्यांनी मनाई केली होती. चिनू आता कॉलेजात आहे. मी अजून काहीच सांगितलेलं नाही.